चर्चा: ऑपरेशनला पाच लाख, गुडघ्याच्या ब्रेसला छदाम नाही. हे बरोबर आहे का?

खानापूरकर:
आईचं वय ६७. चाळीस पावसाळे चिखलात वाकून रोप लावलं, आता डावा गुडघा आतल्या बाजूनं झिजलाय. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन एवढ्यात नको, आणि बिजागरीचा ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार देणारा पट्टा, लिहून दिला. किंमत २,८०० रुपये. आमचं रेशनकार्ड बीपीएल, 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक'चं कार्डही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "ओपीडी इल्ला, अ‍ॅडमिट आदरे मात्र." अ‍ॅडमिट झालात तरच. म्हणजे गुडघा बदलायचा तर सरकारचा पैसा, आहे तो टिकवायचा तर आमचा. सरकारी डॉक्टरनं लिहून दिलेला ब्रेस योजनेत हवाच, असं माझं मत. बोला.

वडगावचा विणकर:
नको. घर-जमीन विकायची पाळी येऊ नये म्हणून ही योजना आहे. २,८०० साठी कुणी जमीन विकत नाही. आज ब्रेस, उद्या चष्मा, परवा कमरेचा पट्टा. आमच्या माळ्यावर तीन नी कॅप पडल्यात, बाबांनी एकेक दोन दिवस घातली असेल. फुकट मिळाल्या असत्या तर सहा असत्या! आणि दुकानदारांच्या खोट्या बिलांचं काय?

खानापूरकर:
जमीन विकत नाही, ब्रेसच घेत नाही. आईनं किंमत ऐकली आणि "राहू दे, तेल लावते" म्हणाली. आणि खोटी बिलं काय फक्त पट्ट्यांचीच होतात?

शिनोळीचा भाचा:
बेळगावपासून हाकेच्या अंतरावर, पण चंदगड तालुक्यात, म्हणून आमच्याकडे निराळं. महाराष्ट्रात २०२४ पासून 'मुख्यमंत्री वयोश्री' आहे. वय ६५ च्या पुढं, उत्पन्न २ लाखांच्या आत, खात्यावर एकदाच ३,००० रुपये. वस्तूंच्या यादीत नी ब्रेस आहे. माझ्या मावशीनं त्याच पैशातून ब्रेस घेतला, तोही बेळगावातल्या दुकानातून. पैसा महाराष्ट्राचा, गिऱ्हाईक महाराष्ट्राचं, दुकान कर्नाटकात. 😄

नंदगडकर:
म्हणूनच म्हणतो! २०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तर कर्नाटकानं लगेच हरकत घेतली. आमच्या माणसाला औषधही मिळू द्यायचं नाही.

वडगावचा विणकर:
दादा, फुले योजनासुद्धा दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचीच. त्यातही गुडघ्याचा पट्टा बसत नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथंच राहू द्या, काकूंच्या गुडघ्यात नको.

टिळकवाडी फिजिओ:
दोघांचंही अर्धं बरोबर. माळ्यावरच्या त्या नी कॅप म्हणजे कापडी मोजे. ऊब मिळते, थोडा आधार वाटतो, झिजलेल्या बाजूवरचा भार हलत नाही. काकूंना लिहून दिलाय तो वेगळा. मांडी आणि पोटरीचा घेर मापून घ्यावा लागतो, नाहीतर चार पावलांत घसरून घोट्यावर येतो. आणि मांडीचे स्नायू बळकट केले नाहीत तर ब्रेस एकटा काही करत नाही. म्हणून मी म्हणेन, पैसे द्या, पण ब्रेस आणि फिजिओथेरपी मिळूनच. नुसती वस्तू वाटली की ती माळ्यावरच जाणार, यात विणकरदादा चुकत नाहीत.

खानापूरकर:
मान्य. पण मग योजनेत तुमची फिजिओही ओपीडीच की! ऑपरेशननंतरचे १५ दिवस पॅकेजात धरतात. गुडघा कापला तर पंधरवडाभर काळजी, न कापता सांभाळला तर एक दिवसही नाही.

वडगावचा विणकर:
हा मुद्दा मात्र खरा आहे. तरी विम्यातून नको, वेगळ्या खात्यातून द्या. केंद्राची 'राष्ट्रीय वयोश्री योजना' २०१७ पासून आहेच, आपल्याकडंही लागू. साठीच्या पुढचे, बीपीएल किंवा महिना १५,००० च्या आत उत्पन्न. काठी, वॉकर, कानाचं यंत्र आणि नी ब्रेससुद्धा. शिबिरात तपासून देतात. आधी तिकडं बघा.

खानापूरकर:
शिबिराची दवंडी आमच्या गावात अजून तरी आली नाही. उद्या तालुक्याला विचारतो. ब्रेस मात्र काल उसने पैसे काढून आणलाच. फिजिओताई, एक विचारतो. आई तो नऊवारीच्या आत बांधते, परकर पट्ट्यात अडकतो आणि चुलीपुढं बसताना ती सरळ काढूनच ठेवते. लुगड्यावरून बांधला तर चालतो का?

टिळकवाडी फिजिओ:
लुगड्यावरून नको, घसरेल. आत पातळ सुती लेगिंग घालायला सांगा. आणि चुलीपुढं पाट नको, स्टूल द्या.

खानापूरकर:
स्टुलावर बसून भाकरी थापायला ती तयार झाली तर कळवतो.