मदत हवी आहे: ख्याल गायनाच्या मैफलीचं चित्रीकरण, कॅमेऱ्याला कोणता माइक लावावा?

खर्जातला_सा

नमस्कार मंडळी. संगीत मंडळाच्या मैफली चित्रित करून यूट्यूबवर टाकायच्या आहेत. बंदिस्त सभागृह, ३०० खुर्च्या. ख्याल गायन, साथीला तबला, पेटी, दोन तानपुरे. मिररलेस कॅमेरा मंचापासून साधारण १७ मीटरवर असतो, त्याला ३.५ मिमीची माइकची खोबण आहे. आत्ता कॅमेऱ्याच्याच माइकवर काम चालतं. त्यात आलापाच्या वेळी पंख्यांची घरघर वर येते आणि द्रुत लयीत तबला तापला की गाणं दबतं. बजेट २५,०००. रोड कंपनीचा व्हिडिओमाइक प्रो घ्या असं सुचवलं गेलंय. पुरेल का? की मिक्सरमधून थेट आवाज घ्यावा?

जोड_तानपुरा

घरघर वर येते त्याला कारण ऑटो गेन, म्हणजे कॅमेरा आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो ते. आलाप हळू म्हणून कॅमेरा गेन वाढवतो, त्यासोबत पंखेही वाढतात. तबल्याची थाप पडली की तोच गेन खाली ओढला जातो आणि गळा त्याखाली जातो. ऑटो बंद केल्याशिवाय कुठलाही महागडा माइक लावून फरक पडणार नाही.

व्हिडिओमाइक प्रो या कामासाठी घेऊ नका. माइक चांगला आहे, पण मोनो (डावं-उजवं वेगळं न टिपणारा) आहे आणि शॉटगन जातीचा आहे. शॉटगन बाजूचा आवाज कमी करतो, लांबचा आवाज जवळ आणत नाही. १७ मीटरवर गळ्यातून थेट पोचणाऱ्या आवाजापेक्षा भिंती, छत आणि स्पीकरवरून येणारा आवाज कितीतरी जास्त असतो. बंदिस्त जागेत हे पडसाद समोरूनही येतात, त्यामुळे ते कापले जात नाहीत, वर आवाजाचा पोत बिघडतो.

पैसे माइक पुढे नेण्यावर खर्च करा. चार ट्रॅकचा रेकॉर्डर घ्या, उदाहरणार्थ झूमचा एच४ एसेन्शियल. त्याला वर एक्स-वाय पद्धतीचे (एकमेकांना तिरके छेदणारे) दोन माइक आहेत, खाली दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या) जोडण्या आहेत आणि ३२-बिट फ्लोट आहे, म्हणजे नोंदीची पातळी आधी नेमकी लावावी लागत नाही. सध्याचा भाव दुकानात विचारून घ्या, बुटक्या स्टँडचे पैसे बाजूला ठेवा.

रेकॉर्डर मंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, गायकापासून दोन ते अडीच मीटरवर ठेवा. बैठक जमिनीवरची, म्हणून मंचाच्या पातळीपासून फूट-दीड फूट उंची पुरते आणि चौकटीतही आडवं येत नाही. मोठे स्पीकर त्याच्या मागच्या बाजूला राहायला हवेत. गायकाचा मॉनिटर (गायकाला स्वतःचं ऐकवणारा स्पीकर) रेकॉर्डरकडे तोंड करून नसावा. लो-कट (खालचे सूर कापणारी सोय) बंद ठेवा, डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या खाली उतरतो आणि लो-कट तोच खातो.

तानपुऱ्यांची आस आणि श्रोत्यांची दाद रेकॉर्डरच्या या दोन माइकांच्या जोडीनेच मिळते, मिक्सरच्या वायरीतून नाही. गाण्याला जागेचं भान तिथूनच येतं, म्हणून ही जोडी मुख्य माना.

मात्रा_सोळा

सहमत. मिक्सरचा आवाज सोबत हवाच, गळ्याचे शब्द स्पष्ट होतात. पण मेन आउट (सभागृहाच्या स्पीकरना जाणारं मिश्रण) घेऊ नका. साउंडवाला सभागृहासाठी मिसळतो: जे मंचावरून तसंच ऐकू येतं ते तो कमी ठेवतो. प्री-फेडर ऑक्स (फेडरच्या, म्हणजे पातळीच्या सरकपट्टीच्या, आधीच निघणारा वेगळा आउट) मागा आणि त्यात गळा जास्त, पेटी बेताची, तबला थोडाच ठेवायला सांगा. मग त्याने फेडर कितीही हलवले तरी तुमचं मिश्रण तेच राहतं.

जोडणीतली एक चूक फार नडते. मिक्सरचा बॅलन्स्ड मोनो आउट (एकच आवाज सरळ आणि उलटा अशा दोन तारांवर नेणारा) साध्या वायरने कॅमेऱ्याच्या स्टीरिओ खोबणीत घातला की डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज उलट्या फेजमध्ये जातो. हेडफोनवर तो विचित्र पसरट वाटतो आणि मोनो स्पीकरच्या फोनवर गळा जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय लाइन पातळी (मिक्सरमधून निघणारा जोरकस सिग्नल) माइकच्या खोबणीत फाटते. ३२-बिट फ्लोट यातून वाचवत नाही: आवाज मिक्सरमध्ये किंवा रेकॉर्डरच्या प्रवेशालाच फाटला तर तो फाटलेलाच नोंदला जातो. म्हणून वायर रेकॉर्डरच्या एक्सएलआर जोडणीत घाला, ती लाइन पातळी घेते का ते माहितीपत्रकात पाहा, नसेल तर मध्ये २० ते ३० डेसिबलचा पॅड (पातळी कमी करणारा जोड) लावा. फँटम पॉवर (वायरीतून माइकला दिली जाणारी वीज) बंद. ५० हर्ट्झची गुणगुण आली तर रेकॉर्डर बॅटरीवर चालवा, तरी राहिली तर वायरीत मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांचा विजेचा थेट संबंध तोडणारा). प्लगची अर्थिंगची पिन काढू नका, त्यात जिवाला धोका आहे.

खर्जातला_सा

धन्यवाद, बरंच उलगडलं. मिक्सर जुना आहे, दोन्ही ऑक्स मॉनिटरला गेलेत. मग?

मात्रा_सोळा

मागे रेक आउट किंवा टेप आउट लिहिलेल्या लाल-पांढऱ्या आरसीए खोबणी असतील. त्यांची पातळी मेन आउटपेक्षा बरीच कमी असते, आरसीए ते ६.३५ मिमीची जोडवायर लावून सरळ रेकॉर्डरमध्ये. मिश्रण मात्र मेनचंच मिळेल, म्हणून संपादनात हा ट्रॅक मंचावरच्या जोडीपेक्षा खालीच ठेवा.

लय_बरोबर

संपादनाबद्दल, कारण गाडं तिथे अडतं. कॅमेऱ्याचा आवाज चालूच ठेवा, जुळवायला लागतो. सुरुवातीला गायकाच्या माइकसमोर एक टाळी वाजवून घ्या, मैफल संपल्यावर आणखी एक.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १७ मीटरवरचा कॅमेरा म्हणजे ५० मिलिसेकंद उशीर, २५ फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमहून थोडा जास्त. सॉफ्टवेअरने लाटा जुळवल्या की तुमचा चांगला आवाजही तेवढाच उशिरा बसतो आणि ओठ पुढे पळतात. जुळवून झाल्यावर आवाज एक फ्रेम अलीकडे ओढा.

मिक्सरचा ट्रॅक आणि जोडी यांच्यातही फरक असतो. जोडी गायकापासून अडीच मीटरवर असेल तर मिक्सरचा ट्रॅक सुमारे ७ मिलिसेकंद मागे सरकवा, नाहीतर दोन्ही मिसळल्यावर आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. टाळीची दोन टोकं एकाखाली एक आणून नेमका आकडा ठरवा.

कॅमेरा आणि रेकॉर्डरची घड्याळं वेगळी. १० लाखांत १० भागांचा फरक असला तरी दोन तासांत ७२ मिलिसेकंद होतात. शेवटची टाळी त्यासाठीच. प्रत्येक रागानंतर तुकडा कापून नव्याने जुळवलं तर आवाज ताणावाही लागत नाही.

४८ किलोहर्ट्झ, ३२-बिट, चार ट्रॅक धरले तर तासाला सुमारे २.८ जीबी, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड तीन तासांना भरपूर. कॅमेरा सलग किती वेळ चित्रित करतो ते मात्र आधी तपासा. बऱ्याच जुन्या मॉडेलांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी चित्रण थांबतं, आणि विलंबित ख्याल त्याहून लांब जाऊ शकतो. रेकॉर्डर मध्यंतरापर्यंत चालूच राहू दे. आणि चित्रीकरण व यूट्यूब, दोन्हींसाठी कलाकार आणि साथीदारांची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा.