जुन्या सिटी बसच्या रेकॉर्डिंगवरून गाडी कशी ओळखायची?

जुनी_फीत

कॅसेटवर ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या सिटी बसच्या काही फायली हाताशी आहेत. लेबलं गळून पडलीत, गाडीचं नाव नाही, साल नाही. चार क्लिप अडल्यात:

क्लिप १ – निघताना इंजिन अक्षरशः किंचाळतं. आवाज झटकन चढतो, बराच वेळ एकाच पट्टीत राहतो, मग एकदाच धपकन उतरतो आणि पुन्हा हळूहळू चढतो. गिअर बदलल्याचा आवाज तेवढा एकदाच.

क्लिप २ – आयडलिंग फार मंद, ठोके जवळजवळ मोजता येतील इतकं. निघाल्यावर गिअरची शीळ, तीनदा बदल, शेवटच्या गिअरात शीळ गायब. थांबल्यावर हवेचा फुस्स.

क्लिप ३ – साधारण २ सारखीच, पण ब्रेकला हवेचा आवाजच नाही. मागे घंटा दोनदा वाजते आणि गाडी निघते.

क्लिप ४ – गाडी उभी, इंजिन चालू. दर मिनिट-दीड मिनिटाने मोठा फुस्स. बाकी काही नाही.

अडचण अशी की कॅसेटच्या वेगाचा भरवसा नाही, त्यामुळे आवाजाच्या पट्टीवर विसंबता येत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांतलं काय काय खात्रीने सांगता येईल?

---

सहा_सिलिंडर

कॅसेटच्या वेगाची धास्ती घेऊ नका. साध्या रेकॉर्डरची चूक दोन-तीन टक्के, बॅटरी उतरली असेल तर आणखी थोडी. (बॅटरी उतरल्यावर फीत हळू सरकते, म्हणून नंतर नीट वेगाने वाजवली की आवाज वरच्या पट्टीत ऐकू येतो. बरेच जण हे उलटं धरतात.) तुम्हाला जो फरक शोधायचाय तो दुपटीचा आहे. दोन-तीन टक्क्यांनी तो झाकला जात नाही.

क्लिप १ टू-स्ट्रोक डिझेलची आहे यात मला शंका नाही. हिशोब सोपा. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. म्हणजे सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकला फेरीमागे ३ ठोके, टू-स्ट्रोकला ६. आता गव्हर्नरच्या (इंजिनला ठरावीक वेगापलीकडे जाऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मर्यादेवर काय होतं बघा, आरपीएम म्हणजे मिनिटाला फेऱ्या:

गार्डनर ६एलएक्स (फोर-स्ट्रोक), १७०० आरपीएम: सेकंदाला ८५ ठोके.
लंडनच्या रूटमास्टर बसमधलं एईसी एव्ही५९० (फोर-स्ट्रोक), १८०० आरपीएम: ९० ठोके.
डेट्रॉइट डिझेल ६व्ही-७१ (टू-स्ट्रोक), २१०० आरपीएम: २१० ठोके.

कानाला वाटतं की इंजिन ४००० च्या पुढे फिरतंय. प्रत्यक्षात ते २१०० च्या आसपासच असतं. "ही इंजिनं फार पळायची" हा जो समज आहे त्याचं मूळ इथं आहे.

मोजायचं कसं: स्पेक्ट्रोग्राम (आवाजातले सूर हर्ट्झप्रमाणे रेषांनी दाखवणारं चित्र) दाखवणारं कुठलंही ऑडिओ सॉफ्टवेअर घ्या, सॅम्पलिंग (सेकंदाला घेतलेले नमुने) ४४,१०० असेल तर एफएफटीचा आकार (एका वेळी तपासायचे नमुने) १६,३८४ ठेवा. म्हणजे रेषा साधारण २.७ हर्ट्झपर्यंत सुट्या दिसतात. आकार लहान ठेवलात तर आयडलिंगच्या रेषा एकमेकींत मिसळून नुसता पांढरा पट्टा दिसेल. पण गाडी वेग घेत असलेल्या भागाला हाच आकार लावू नका, तिथं ४,०९६ बरा, नाहीतर चढत्या रेषा फरकटतात.

आणि छोट्या माइकवर ५०-६० हर्ट्झच्या खालचं फारसं उतरत नाही. आयडलिंगची मूळ रेषा दिसलीच नाही तर वरच्या रेषांमधलं अंतर मोजा, तेच मूळ.

---

तेलकट_हात

वरच्या हिशोबाला एक पुरवणी. किंचाळी नुसत्या ठोक्यांची नसते. या इंजिनात हवा आत घ्यायला व्हॉल्व्ह नसतात. लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) भिंतीत भोकं असतात आणि पिस्टन खाली गेला की ती उघडतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र वर हेडमध्ये. पिस्टन स्वतः हवा ओढू शकत नाही, म्हणून रूट्स ब्लोअर (इंजिनवरच फिरणारा हवेचा पंप) ती ढकलतो आणि जळलेला धूर वरून बाहेर हाकलतो. हा ब्लोअर जादा ताकदीसाठी लावलेला नाही, त्याच्याशिवाय इंजिन सुरूच होणार नाही. त्याची शीळ इंजिनच्या फेऱ्यांना बांधलेली असते, रेस दिली की दोन्ही मिळून वर जातात. स्पेक्ट्रोग्रामवर ठोक्यांच्या रेषांशी कायम एकाच गुणोत्तरात चालणारी वेगळी बारीक रेषा दिसली तर ती ब्लोअरची समजा.

६व्ही-७१ मधलं ७१ म्हणजे एका सिलिंडरचे घनइंच. सहा सिलिंडरचं ४२६ घनइंच, साधारण ७ लिटर.

सिलिंडर किती हे ओळखायची एक युक्ती आहे, त्यात कॅसेटचा वेग आड येत नाही. जुन्या इंजिनात एखादा इंजेक्टर कमजोर असतोच. आयडलिंगला तो "मिसिंग" मारतो आणि नेमका तेवढाच ठोका दबलेला ऐकू येतो. तरंगाचं चित्र मोठं करा, दोन दबलेल्या ठोक्यांमध्ये किती अंतर पडतंय ते मोजा. दर सहावा दबका असेल तर सहा सिलिंडर, दर आठवा असेल तर आठ. टू-स्ट्रोक असो वा फोर-स्ट्रोक, हे सारखंच लागू पडतं, म्हणून यावरून स्ट्रोक मात्र ठरवू नका.

क्लिप १ मध्ये इंजिन बंद करतानाचा भाग असेल तर तोही ऐका. नेहमीच्या बंद करण्यात इंधन तुटतं आणि इंजिन दोन-चार गचके खाऊन थांबतं. अचानक गळा दाबल्यासारखा "घप्प" आला तर ब्लोअरच्या तोंडावरची इमर्जन्सी झडप पडली आहे. ब्लोअरचे ऑइल सील गेले की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं, इंधन तोडून उपयोग नसतो, हवाच बंद करावी लागते. ज्यांच्याकडे अशी गाडी चालू स्थितीत आहे त्यांनी ही झडप रोजच्या बंद करण्याला वापरू नये. झडप बंद असताना इंजिन फिरत राहिलं की ब्लोअरमध्ये ओढ तयार होते आणि चांगले सीलसुद्धा ऑइल आत सोडायला लागतात. एअरबॉक्सच्या (सिलिंडरभोवतीच्या हवेच्या कप्प्याच्या) ड्रेन नळ्याही मोकळ्या हव्यात. त्या तुंबल्या की ऑइल आत साठतं आणि सायलेन्सरमधून काळा चिकटा बाहेर येतो. नळीखाली ऑइलचे थोडे थेंब पडणं हे बिघाडाचं लक्षण नाही. उलट अजिबात पडत नसतील तर नळी तपासा.

---

प्रीसिलेक्टर

क्लिप १ चा गिअरबॉक्स सांगतो. आवाज चढून एका पट्टीत राहणं म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणारा भाग). गाडीचा वेग वाढतोय पण इंजिनचे फेरे जवळपास तेच, कारण मधलं अंतर ऑइल भरून काढतंय. मग कन्व्हर्टर बाजूला होऊन थेट जोड बसते, फेरे धपकन पडतात आणि तिथून पुढे चाकांच्या वेगाबरोबर चढतात. जीएमच्या (अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या) सिटी बसमध्ये आडवं इंजिन आणि तिरकस शाफ्टची व्ही-ड्राइव्ह असायची, तिच्यासोबतचा गिअरबॉक्स असाच वागतो. १९५९ साली आलेली "न्यू लुक" – पुढच्या फुगीर काचेमुळे जिला फिशबोल म्हणतात ती – याच पठडीतली. पण तिच्या आधीच्या बसमध्ये सरळ रांगेतलं ६-७१ आणि असाच कन्व्हर्टर होता. म्हणून फाइलवर "टू-स्ट्रोक, सहा सिलिंडर, कन्व्हर्टर" लिहा. मॉडेलचं नाव आवाजावरून चिकटवू नका.

क्लिप २ माझ्या आवडीची. विल्सनचा एपिसायक्लिक (मधल्या दात्याभोवती बाकीचे दाते फिरणारा) गिअरबॉक्स आणि फ्लुइड फ्लायव्हील, म्हणजे ऑइलमधून ताकद देणारी जोड. क्लचच्या जागी असतं ते गिअर बदलायचं पॅडल. ड्रायव्हर पुढचा गिअर आधीच दांड्याने निवडून ठेवतो, पॅडल दाबून सोडलं की तो लागतो. खालच्या गिअरांत एकेका ड्रमवर ब्रेकसारखा पट्टा आवळला जातो आणि ताकद दात्यांच्या संचातून जाते, म्हणून शीळ. टॉपमध्ये सगळा संच एका क्लचने एकजीव होऊन सरळ फिरतो, दाते एकमेकांवर चालतच नाहीत. शीळ गायब होण्याचं कारण हे.

तीनदा बदल म्हणजे गाडी पहिल्यातून निघाली. चार गिअरच्या या गाड्या सपाटीवर दुसऱ्यातूनच काढायचे, तेव्हा बदल दोनच ऐकू येतात. क्लिपमध्ये चढ असावा किंवा गाडी गच्च भरलेली असावी.

गिअरांचं गुणोत्तरही काढता येतं. बदलाच्या ऐन आधीची ठोक्यांची रेषा आणि बदल बसल्यावर अर्ध्या सेकंदानंतरची रेषा, दोन्ही वाचा आणि भागा. समजा ८४ आणि ५३, तर पायरी १.५८. फीत हळू असो वा जलद, दोन्ही आकडे सारखेच हलतात, भागाकार तोच राहतो. बदलाच्या क्षणी मोजू नका, तेव्हा फ्लायव्हील घसरत असतं. ज्या मॉडेलचा संशय आहे त्याच्या माहितीपुस्तिकेत पायऱ्या मिळाल्या की ताडून बघा.

या गिअरबॉक्सचा एक दोष रेकॉर्डिंगमध्ये ओळखू येतो: बदलाच्या जागी इंजिन मोकळं सुटून भणाणतं आणि लगेच पुन्हा बदलाचा आवाज येतो. पट्टा झिजला पण अॅडजस्टरने ती झीज उचलली नाही, की गिअर लागत नाही आणि स्प्रिंगवाल्या प्रकारात पॅडल पूर्ण जोराने पायावर उसळतं. पाय अर्धवट ठेवणाऱ्याचा गुडघा शेकतो. उपाय म्हणजे पॅडल तळापर्यंत दाबून पुन्हा सोडणं. गाडी उभी असताना तोच गिअर निवडून पॅडल बरेच वेळा दाबलं-सोडलं की स्वयंचलित अॅडजस्टर हळूहळू झीज भरून काढतो. तरीही उसळत असेल तर पट्टाच संपलाय.

---

वारा_आणि_ब्रेक

क्लिप २ आणि ३ चा फरक ब्रेकमध्ये आहे. क्लिप २ साठी बघा, लंडनच्या आरटी बसला एअर ब्रेक, शिवाय प्रीसिलेक्टर (वर सांगितलेला, आधी निवडून ठेवायचा) गिअरही हवेवरच. तिच्यानंतरच्या रूटमास्टरला हायड्रॉलिक ब्रेक, पंपाच्या दाबावर चालणारे. त्यामुळे ब्रेक सोडल्यावर बाहेर टाकायला हवाच नाही. मागे घंटा दोनदा म्हणजे कंडक्टरचा "निघा" असा इशारा. एकदा वाजली तर थांबा, तीनदा म्हणजे गाडी भरली. एवढं सगळं जुळत असेल तर क्लिप ३ रूटमास्टर मानायला हरकत नाही. आयडलिंग दोन्हींचं भावंडासारखंच वाटणार, कारण दोन्हींत एईसीचं ९.६ लिटरचं सहा सिलिंडर घराणं आहे.

साल किती अंदाजे धरायचं: आरटी १९३९ ते १९७९ सेवेत, रूटमास्टर नेहमीच्या मार्गांवर डिसेंबर २००५ पर्यंत. रेकॉर्डिंगच्या सालाचा यापलीकडे निकाल लागणार नाही.

क्लिप ४ जास्त बोलकी आहे. हा फुस्स ब्रेकचा नाही, एअर ड्रायरचा आहे. कॉम्प्रेसर साधारण १२० पीएसआयला (चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप) हवा भरणं थांबवतो आणि दाब १०० च्या आसपास उतरला की पुन्हा सुरू करतो. थांबण्याच्या क्षणी ड्रायर साठलेलं पाणी आणि ऑइल एका झटक्यात बाहेर फेकतो. जुन्या गाड्यांना ड्रायर नसायचा. त्यांत फक्त कॉम्प्रेसरचा ठोका हलका होतो, बारीकसा "टक" येतो, आणि पाणी टाकीखालचा ड्रेन उघडून हाताने काढावं लागतं. म्हणजे ही गाडी एकतर नंतरची आहे किंवा तिला ड्रायर मागाहून बसवलाय.

दुसरं म्हणजे तिची हवा गळतेय. दार हलत नाही, ब्रेक दाबला जात नाही, तरी मिनिट-दीड मिनिटात २० पीएसआय उतरून पुन्हा भरले जातात. अशा एका गाडीसाठी इंजिन बंद करून ब्रेक न दाबता मिनिटाला २ पीएसआय आणि ब्रेक दाबून धरल्यावर ३ पीएसआय, यापेक्षा जास्त उतार चालत नाही. इथं त्याच्या कितीतरी पट आहे. एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर आधी लेव्हलिंग व्हॉल्व्ह (गाडीची उंची सांभाळणारे) आणि सस्पेन्शनचे हवेचे फुगे, मग दाराचा सिलिंडर, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. क्लिपमध्ये दोन फुस्सांच्या मधल्या शांततेत सलग बारीक "स्स्स" ऐकू येतो का बघा. आला तर माइक गळतीच्या जवळ होता.

---

जुनी_फीत

सांगितल्याप्रमाणे मोजलं. क्लिप १: चढलेल्या पट्टीची रेषा २०४ वर. आयडलिंगला दर सहावा ठोका दबका. ब्लोअरची वेगळी रेषाही आहे, कायम समांतर. क्लिप ४ मध्ये बारीक "स्स्स" सलग आहे, आणि प्रत्येक फुस्सच्या आधी तो किंचित मोठा होतो. दाब वाढल्यामुळे असेल का?

एक गोंधळ: क्लिप २ मध्ये आयडलिंग आणि धावतानाचा आवाज जवळपास सारख्याच जोराचा येतोय. तेवढ्यावरून माइक गाडीच्या आत होता की बाहेर, काही ठरतं का?

---

सहा_सिलिंडर

२०४ म्हणजे २०४० आरपीएम, फितीची चूक धरून बरोबर बसतं. फोर-स्ट्रोक धरलं तर ४०८० होतात आणि त्या काळचं कुठलंच बसचं डिझेल इंजिन तिथं जात नाही. निकाल लागला.

जोरावरून काही ठरत नाही. कॅसेट रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असतं. शांततेत ते माइक वर उचलतं, गोंगाट आला की दाबतं. गाडी थांबल्यावर एक-दोन सेकंदांत मागचा खरखराट फुगत जातो का ऐका, तो फुगला तर सर्किट चालू होतं. अशा फायलीत फक्त रेषांची उंची (म्हणजे हर्ट्झ) वापरा, आवाजाची पातळी नाही.

---

वारा_आणि_ब्रेक

"स्स्स" बद्दल: हो, दाब वाढला की गळतीही वाढते. तो आवाज चढत असेल तेवढा वेळ कॉम्प्रेसर भरतोय आणि उतरत असेल तेवढा वेळ टाकी रिकामी होतेय. दोन्ही वेळा घड्याळ लावून मोजा. १२० चे १०० व्हायला किती सेकंद लागले त्यावरून मिनिटाची गळती थेट निघेल. ४० सेकंद लागले तर मिनिटाला ३० पीएसआय.