म्यूलच्या जागी शिफ्ट घालताना पास का कोसळतो

८ ने गुणणाऱ्या म्यूलच्या (गुणाकाराच्या सूचनेच्या) जागी ३ बिटांचं शिफ्ट (बिट डावीकडे सरकवणं) घालून जुनी सूचना काढली की पास, म्हणजे कोडवरून फिरून त्यात बदल करणारा कंपायलरचा टप्पा, कोसळतो, असा प्रश्न आहे. एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या आयआरवर (कोडच्या मधल्या रूपावर) काम सुरू केलं की हा प्रश्न हमखास येतो. अडचण लूपमध्ये असावी, हा तुमचा विचार बरोबर आहे. इरेजफ्रॉमपेरेंट (सूचना पुसणारं फंक्शन) केलं की सूचना ब्लॉकमधून, म्हणजे सूचनांच्या यादीतून, निघतेच, शिवाय मेमरीतूनही जाते. साधा फॉर-लूप मग पुढची सूचना त्या गेलेल्या सूचनेकडूनच शोधायला जातो. मेक-अर्ली-इंक-रेंज वापरा, ते सूचना तुमच्या हातात देण्याआधीच इटरेटर (यादीतली सध्याची जागा दाखवणारा) पुढे सरकवतं.

क्रमही पाळा: आधी नवीन शिफ्ट, मग रिप्लेस-ऑल-यूजेस-विथ (जुन्या सूचनेचे सगळे वापर नवीकडे वळवणं), आणि शेवटी इरेज. एसएसएमध्ये (प्रत्येक मूल्य एकदाच ठरतं, अशा आयआरच्या रचनेत) प्रत्येक वापर मूळ सूचनेलाच थेट बांधलेला असतो, त्यामुळे वापर शिल्लक असताना ती पुसता येत नाही.

आता खरी नाजूक गोष्ट. म्यूलवर एनएसडब्ल्यू झेंडा (चिन्हासह गणितात ओव्हरफ्लो होणार नाही, म्हणजे उत्तर बिटांत मावेल, अशी हमी) असेल तर तो डोळे झाकून शिफ्टवर नेऊ नका. ८ साठी चालतो. पण ३२ बिटी पूर्णांकात गुणक −२१४७४८३६४८ असेल, तर १ ला त्याने गुणताना ओव्हरफ्लो होत नाही. उलट एनएसडब्ल्यू असलेल्या ३१ बिटांच्या शिफ्टमध्ये चिन्ह बदलतं आणि उत्तर पॉयझन, म्हणजे भरवसा न ठेवण्याजोगं मूल्य, होतं. शंका असेल तिथे झेंडा सोडून द्या. ऑप्टिमायझेशनची थोडी संधी जाईल, पण प्रोग्रॅमचा अर्थ बिघडणार नाही, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं.

व्हेरिफायर (आयआरची रचना तपासणारा भाग) झेंड्याची ही चूक पकडत नाही. त्यासाठी अलाइव्ह२ या बदल तपासणाऱ्या साधनावर आधीचा आणि नंतरचा आयआर ताडून बघा.