जर्मनीत ऑपेरा शिकायचं तर : प्रवेशपरीक्षेपासून पहिल्या करारापर्यंत

कोथरूडकर
भाची 19 वर्षांची आहे, सोप्रानो (बायकांचा सर्वांत उंच आवाज). ट्रिनिटी कॉलेज लंडनची पाश्चात्त्य गायनाची आठवी ग्रेड झालीय, शिवाय सहा वर्षं ख्याल शिकतेय. जर्मनीत जाऊन ऑपेरा शिकायचं म्हणते. टप्पे कोणते, पैसे किती लागतात, पुढे काम मिळतं कसं? ख्याल सोडावा लागेल का? "आवाज गोड आहे, होईल सगळं" छाप उत्तरं नकोत.

लायप्झिगवाला
ग्रेडच्या सर्टिफिकेटवर प्रवेश मिळत नाही. प्रत्येक होखशूल (संगीताची उच्चशिक्षण संस्था) स्वतःची परीक्षा घेते. बॅचलर 8 सेमिस्टर, मास्टर बहुधा 4. सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, पण बऱ्याच ठिकाणी अर्ज मार्च-एप्रिलमध्येच बंद होतात. आधी व्हिडिओ मागवतात. तो एका टेकमध्ये, न कापलेला, चेहरा आणि धड दिसेल असा हवा. प्रतिध्वनी घातलेला व्हिडिओ लगेच ओळखू येतो.

प्रत्यक्ष परीक्षेला चार ते सहा रचना तोंडपाठ लागतात : एक जुनी इटालियन आरिया (ऑपेरातलं एकट्यानं गायचं गाणं), शूबर्ट किंवा शूमानचं एखादं गीत, मोझार्ट, आणि न गाता म्हणायचा एक उतारा. त्या उताऱ्याकडे आपली मुलं दुर्लक्ष करतात आणि तिथेच गुण जातात. शिवाय थिअरी, थोडा पियानो, आणि ऐकून स्वरसंगती ओळखणं. ख्यालाच्या कानाला एकच सूर पकडायची सवय असते, एकदम चार सूर ऐकायची नाही. त्याची तयारी वर्षभर आधीपासून हवी.

शहर पाहू नका, गुरू पाहा. जागा शेवटी एखाद्या शिक्षकाच्या वर्गातच मिळते, म्हणून अर्जाआधी ईमेल करून एक चाचणी-तास मागावा.

पैशांचं : बहुतेक सरकारी संस्थांत शिकवणी फी नाही, फक्त सेमिस्टर शुल्क. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये (श्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, मानहाइम वगैरे) युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो. व्हिसासाठी एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला) आणि ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) लागतं. 2024 च्या सप्टेंबरपासून त्याची रक्कम वर्षाला 11,904 युरो आहे. जर्मन भाषेची बी1 ही मधली पातळी तरी हवीच, काही ठिकाणी बी2.

मधलं_सप्तक
ख्याल सोडायची गरज नाही, पण सुरुवातीची दोनेक वर्षं एकाच दिवशी दोन्ही रियाज करू नयेत. ख्यालात बायका काळी चार-पाचच्या आसपास षड्ज लावतात, आवाज छातीतून वर नेतात, समोर माइक असतो. ऑपेरात माइक नाही आणि पुढ्यात साठ वाद्यं. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त, पुढे उतरत जातो. तयार गळ्यात 3,000 हर्ट्झच्या आसपास ऊर्जा एकवटते आणि त्या मोकळ्या जागेतून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. (अगदी वरच्या सुरांत सोप्रानो जबडा मोकळा सोडून मुखाची पोकळी सुराशी जुळवते. तिथे शब्द कळत नाहीत, तो तिचा दोष नव्हे.)

हे न समजता मोठं गायला गेलं की छातीचा आवाज वर रेटला जातो, जिभेचं मूळ मागे ओढलं जातं, वरचे सूर आधी जातात. दोन आठवडे घोगरेपणा राहिला तर काढे नकोत, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे स्ट्रोबोस्कोपी (स्वरतंतूंची तपासणी) करून घ्या.

उच्चारांत मराठी जिभेचा फायदाच आहे. इटालियन त-द आपलेच, दातांवरचे. जोड व्यंजन 'पत्ता' म्हणताना थांबतो तसं. जर्मन झेड म्हणजे 'चांगला'मधला च. अडतं ते मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' ऑपेरातल्या पामिनाच्या 'आख, इख फ्यूल्स' या आरियात, तेही पहिल्या तीन शब्दांतच. 'आख'चा ख घशाशी घासून. 'इख'चा तसा नाही : 'ई'च्या जागी जीभ ठेवून नुसती फुंकर, आणि 'इश' तर मुळीच नको. तिसऱ्या शब्दात 'यू' नाहीच, देवनागरीत लिहिताना तो येतो एवढंच. जीभ 'ई'वर ठेवून ओठ 'ऊ'चे करायचे.

तालीमखोली
कामाचं सांगतो. मास्टरनंतर बरेच जण ऑपेरा स्टुडिओत जातात (झुरिकचा 1961 पासून आहे). साधारण दोन वर्षं, छोट्या भूमिका आणि मोठ्या भूमिकांची बदली-तयारी. वयोमर्यादा बहुधा तिशीच्या आसपास. पुढे शहराच्या नाट्यगृहात 'फेस्ट', म्हणजे पगारी करार. 'एनव्ही ब्यूने' या जर्मन नाट्यगृहांच्या सामूहिक वेतन-करारातला किमान पगार 1 जानेवारी 2023 पासून महिना 2,715 युरो झाला, नंतर वाढलाय. कर-विमा त्यातूनच कापला जातो. आणि करार हंगामाचा असतो. पुढे ठेवायचं नसेल तर सुरुवातीच्या वर्षांत 31 ऑक्टोबरपर्यंत कळवतात, त्यामुळे तिथल्या गायकांची दिवाळी जरा धाकधुकीतच जाते.

ऑडिशनला पाच आरिया : मोझार्ट, जर्मन, इटालियन, फ्रेंच आणि एक आवडीची. पहिली आपण निवडायची, दुसरी ते मागतात. हलक्या लिरिक (मृदू, गेय) आवाजाला मोझार्टच्या पामिना, सुझाना, वेबरची एन्खेन, दोनिझेत्तीची नोरिना अशा भूमिका. चोविसाव्या वर्षी तोस्कासारखी जड आवाजाची भूमिका नेली तर पॅनेलला एवढंच कळतं, की हिला स्वतःचा आवाज ओळखता येत नाही. साथीदाराला सुटे झेरॉक्स देऊ नका. पाठपोट कागद, फाइलला लावलेले, गाळायचे भाग ठळक खुणावलेले. सरकारी रोजगार खात्याची झेडएव्ही ही कलाकार-एजन्सी ऐकून घेते, फी घेत नाही. आधी पैसे मागणाऱ्या एजंटापासून लांब राहा.

कोथरूडकर
आभार. ती सध्या रेकॉर्डिंग ऐकूनच आरिया बसवते. चालेल?

तालीमखोली
नाही. दुसऱ्याचे श्वास आणि दुसऱ्याची लय गळ्यात बसते, नंतर कंडक्टरने वेग बदलला की पाय घसरतो. आधी प्रत्येक शब्दाचा अर्थ लिहायचा, मग मजकूर नुसता बोलायचा, मग टाळी धरून लयीत, मग फक्त स्वरवर्णांवर सूर, शेवटी सगळं एकत्र. रेकॉर्डिंग ऐकायचं ते पाठ झाल्यावर, तेही तीन-चार वेगवेगळ्या गायिकांचं.