मदत हवी आहे: स्क्रॅबलसाठी यू नसलेले क्यूचे शब्द

शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना स्क्रॅबल (इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या पटावर जुळवून शब्द करायचा खेळ) शिकवते. क्यूची सोंगटी एकच, १० गुणांची. पण इंग्रजीत क्यूनंतर बहुधा यू लागतो, त्यामुळे यूच्या चारही सोंगट्या आधीच पटावर गेल्या की मुलं हातात क्यू धरून बसतात. शेवटी तो हातातच उरला तर तेच गुण वजा होतात.

यूशिवायचे काही शब्द अर्थासकट शिकवून झालेत: क्यू-आय (चिनी विचारातली प्राणशक्ती), क्यू-ए-टी (येमेनमध्ये ज्याची पानं चघळतात ते झुडूप), क्यू-ए-डी-आय म्हणजे आपला काझी, एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर. ओळखीचे म्हणून हे दोन मुलांच्या लगेच डोक्यात बसले, नुसत्या याद्या मात्र पाठ होत नाहीत.

अडतंय ते क्यू शेवटी येणाऱ्या शब्दांपाशी. एस-यू-क्यू (अरबी बाजार) आणि टी-ए-एल-ए-क्यू (तलाक) मिळाले, पण पहिल्यातही यू लागतोच! टी-आर-ए-एन-क्यू (गुंगीचं औषध) हाही आहे. आम्ही कॉलिन्सची (स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांची) यादी मानतो, त्यामुळे इराकसारखी विशेषनामं चालत नाहीत. खेळताना मोबाइलही नाही.

क्यूने संपणारे, पाच अक्षरांपर्यंतचे आणखी शब्द अर्थासकट कोणी सांगेल का?