अकरा वेळा आमदार : गणपतराव देशमुखांचं मोठेपण, की सांगोल्याची हतबलता?

रंकाळाकाठ
परवा शाहू मार्केट यार्डाबाहेर चहाला थांबलो होतो. शेजारच्या बाकड्यावर आमदारांचा हिशोब चालला होता. कोण किती वेळा आला, कुणी किती पक्ष बदलले. त्यात एकजण म्हणाला, "सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव अकरा वेळा आमदार. पण अकरा वेळा तोच माणूस म्हणजे तालुक्यात दुसरं कोण नव्हतंच की." दोघंतिघं 'बरोबर आहे' म्हणाले. मला ते लागलं. तिथं बोललो नाही, म्हणून इथं लिहितोय.

हिशोबच करायचा तर नीट करूया. गणपतराव शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोल्यातून पहिल्यांदा १९६२ ला निवडून आले, मग १९६७ ला. १९७२ ला हरले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. पुढे १९७८, १९८०, १९८५, १९९०. मग १९९५ ला पुन्हा हार, शहाजीबापू पाटलांकडून, १९२ मतांनी. त्यानंतर १९९९, २००४, २००९, २०१४. २०१९ ला स्वतःहून थांबले आणि ३० जुलै २०२१ ला गेले. म्हणजे तेरा लढती, अकरा विजय, दोन पराभव. मतदारसंघ एक, पक्ष एक, बावटा लाल. तेरापैकी एकाही वेळी दुसऱ्याच्या तिकिटावर नाही.

लोक अकरा हा आकडा घेऊन बसतात. मला मोठे वाटतात ते दोन पराभव. १९९५ ला हरले तेव्हा वय साठीच्या बरंच पुढं गेलेलं. पक्षाला राज्यात उतरती कळा लागलेली. त्या वयात, त्या अवस्थेत माणूस घरी बसतो, नाहीतर सत्तेतल्या पक्षाचा उंबरा चढतो. यांनी दोन्ही केलं नाही, आणि साडेचार वर्षांनी त्याच तालुक्यानं, त्याच पक्षातून, परत पाठवलं. ज्या तालुक्यानं दोनदा नाकारलं त्याला पर्याय नव्हता असं कसं म्हणता येईल? पर्याय होता, लोकांनी तो दोनदा वापरला आणि दोन्ही वेळा परत फिरले.

आपल्याकडं, कोल्हापूर शहरात, एवढा काळ कुणी टिकत नाही. ते चांगलं की वाईट, यावर बोला.

शिवाजी पेठ
सर, माणूस साधा आणि स्वच्छ होता याबद्दल वाद नाही. त्यांच्या साधेपणावर बोट ठेवणारा मी नाही. पण साधेपणा वेगळा आणि कामाचा हिशोब वेगळा, आणि आपण दोन्हीची गल्लत करतो.

आधी विक्रमाचं. 'देशातला विक्रम' असं सगळीकडं छापून येतं. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, केरळचे के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा. त्यातली १९६५ ची विधानसभा भरलीच नाही, तरी बारा राहतात. 'सलग ५४ वर्षे' हेही तुमच्याच आकड्यांनी खोटं ठरतं. मधले दोन खंड वजा केले तर पन्नासच्या थोडं पुढं जातं. महाराष्ट्रापुरतं मोठं आहे, तेवढंच म्हणावं.

आता मुद्दा. १९६२ ला सांगोला दुष्काळी होता. २०१४ ला प्रचारात काय होतं? पाणीच. पन्नास वर्षं तोच आमदार आणि पन्नास वर्षं तोच प्रश्न. कृष्णा खोरे महामंडळ झालं १९९६ ला, आणि तेव्हा गणपतराव विधानसभेत नव्हते. तालुक्याला पाणी देणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेच्या कामाला जोर आला तो त्यानंतर. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण जो बहुतेक काळ विरोधी बाकावर बसतो त्याला भाषण मिळतं, निधी मिळत नाही. मतदारानं हा हिशोब का करू नये?

शहर आमदार बदलतं ते बरंच करतं. २००४ ला मालोजीराजे, २००९ ला क्षीरसागर, २०१४ ला परत तेच, २०१९ ला चंद्रकांत जाधव. निवडून आलेल्याला भीती राहते. ती राहिली पाहिजे.

माणदेशी लेक
मी सांगोला तालुक्यातली. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला आता वीस वर्षं होतील. शिवाजी पेठचे दादा म्हणतात 'पन्नास वर्षं तोच प्रश्न', ते वाचून गप्प बसवेना.

दादा, तुमच्या नळाला वर्षानुवर्षं पंचगंगेचं पाणी आलं. गगनबावड्याला आभाळ फाटतं आणि तुमच्या नद्या भरतात. आमच्याकडं माण नदी आहे, पण बहुतेक वर्षं तिच्यात वाळूच दिसायची. माझी आई बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं वाकडं झालं होतं, हातोडीचा घाव चुकून बसलेला. ती सांगायची, संध्याकाळी मुकादम मस्टरवर अंगठा घ्यायचा, आणि नेमका तोच अंगठा दुखायचा. त्या कामांमधून पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ ला. तो वि. स. पागे यांच्या डोक्यातून आला हे खरं आहे, एकट्या आबासाहेबांचं, म्हणजे गणपतरावांचं, नाव मी घेणार नाही. पण कायदा मुंबईत होतो. आमच्या गावात काम निघालं का, मस्टर खरं आहे का, पगार आठवड्यानं मिळाला का, हे बघायला कुणीतरी लागतं. आमच्याकडं लोक ते गाऱ्हाणं घेऊन आबासाहेबांकडं जायचे.

नव्वदनंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली, आणि ज्या माळावर कुसळं उगवायची तिथं बोर आणि डाळिंब लागलं. माझ्या वडिलांनी खड्डे घेतले तेव्हा शेजारी म्हणत होते, या मुरमात काय येणार. त्याच बागेवर आम्हा तिघी बहिणींची शिक्षणं झाली.

आणि टेंभूचं म्हणता, तर १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरत होती. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि आबासाहेब ती भरवायचे. तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं ट्रकमधून यायची. महामंडळ आपोआप आलं नाही, त्याच्या आधी तीन वर्षं माणसं उन्हात बसली होती. आबासाहेब पंचाण्णवला पडले, परिषद पडली नाही.

मार्केटयार्डवाला
ताई, तुमच्या वडिलांच्या बागेचा माल कदाचित आमच्या गाळ्यावरही आला असेल. सांगोल्याचं डाळिंब म्हटलं की क्रेट उघडायच्या आधी भाव बोलला जायचा, असे दिवस मी बघितलेत.

पण मला एक खटकतं. डाळिंबावर तेल्या रोग आला, झाडं वाळवणारी मर आली, खोडकिडा आला आणि बागाच्या बागा उपटल्या. शेतकरी यायचा, बसायचा, कर्जाचं बोलायचा. एवढी वर्षं डाळिंबावर उभा असलेला तालुका, पण प्रक्रियेचं मोठं काम तिथं का उभं राहिलं नाही? रस काढणारा, दाणे विकणारा कारखाना? सूतगिरणी काढली, कापूस पिकत नाही तिथं. डाळिंब पिकतं तिथं डाळिंबाचं काही नाही. याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

सूतवाला इचलकरंजी
गिरणीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचे माग आहेत, वडिलांपासून.

सूत चांगलं की वाईट हे कागदावर कळत नाही, मागावर कळतं. तार किती वेळा तुटते त्यावर. तार तुटली की माग थांबतो, कामगार गाठ मारतो, तेवढा वेळ गेला. दिवसाला असं पन्नास वेळा झालं की मजुरी निघत नाही. सांगोल्याच्या शेतकरी सूतगिरणीचं सूत आम्ही वापरलंय, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मोठी गोष्ट वेगळीच आहे. सहकारी सूतगिरण्या राज्यात कितीतरी निघाल्या. सरकारी भागभांडवल घेतलं, चेअरमनची गाडी आली, आणि काही वर्षांत गेटला कुलूप. आमच्या पट्ट्यातही अशी कुलपं आहेत, नावं घेत नाही. सांगोल्याची चालत राहिली, कापूस बाहेरून आणून. बायकांची वेगळी गिरणी उभी केली. हे आमदारकीच्या अकरा विजयांपेक्षा अवघड आहे असं माझं मत. निवडणूक पाच वर्षांनी येते, गिरणीला रोज सकाळी कापूस लागतो.

मार्केटयार्डवाल्यांचा प्रश्न बरोबर आहे, डाळिंबाचं राहिलं. पण जे उभं केलं ते खाल्लं नाही, हेही मोजा.

शिवाजी पेठ
ताई, तुमच्या आईचं वाचलं. पाणी परिषदेचा मुद्दा मान्य, मी तो मांडायला हवा होता.

पण तुम्हीच जे लिहिलंत त्यातून माझी बाजू निघते. परिषद आमदारकीवर चालली नाही. मग आमदार असण्यानं काय मिळालं? आपल्या एन. डी. सरांचं, म्हणजे एन. डी. पाटलांचं, उदाहरण घ्या. त्याच पक्षाचे, त्याच पिढीचे. १९७८ च्या पुलोद सरकारात, म्हणजे शरद पवारांच्या आघाडी सरकारात, दोघंही मंत्री होते. एन. डी. सरांनी अठरा वर्षं विधान परिषदेत काढली, पण थेट निवडणुकीत कोल्हापूरनं त्यांना एकदाच विधानसभेत पाठवलं, १९८५ ला. म्हणून ते छोटे झाले का? कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात ऐंशी ओलांडलेला तो माणूस काठी टेकत मोर्चाच्या पुढं होता. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णा बरोबर होते. दोघांपैकी कुणी आमदार नव्हतं, आणि टोल गेला. लोकांचं काम करायला खुर्ची लागतेच असं नाही, आणि एकाच माणसाला पन्नास वर्षं खुर्ची दिली तर बाकीचे वाढत नाहीत.

त्याचा पुरावा २०१९. आबासाहेब थांबले तेव्हा पक्षात कोण होतं? आधी दुसरं नाव जाहीर झालं, कार्यकर्ते बिथरले, आणि शेवटी नातवाला उभं केलं. ते ७६८ मतांनी पडले. २०२४ ला दुसरे नातू आले, तेव्हा जागा परत आली. घराणेशाहीविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या पक्षात तालुक्याला घराबाहेरचा माणूस सापडला नाही. हे मला खरंच दुःखानं लिहावं लागतंय, कारण हा पक्ष आमच्या घरातही होता. माझे आजोबा कोल्हापूरचे नेते माधवराव बागल यांच्या सभांना जायचे.

रंकाळाकाठ
शिवाजी पेठ, हा शेवटचा मुद्दा मी खोडणार नाही. दुसरी फळी उभी राहिली नाही, ते त्यांचं अपयश आहे. २०१४ ला पक्षाचे राज्यात तीन आमदार होते, २०१९ ला एक, आज एक. नव्वदीकडं झुकलेल्या माणसाला २०१४ ला उभं राहावं लागलं, यातच ते आलं.

पण एन. डी. सरांचं उदाहरण उलटंही वाचता येतं. टोल गेला, हो. पण आपण ऐंशी वर्षांच्या माणसाला रस्त्यावर उतरवलं, कारण सभागृहात त्याच्यासारखं बोलणारा आपण ठेवलाच नव्हता. मोर्चा आपला आणि मत दुसऱ्याला, ही कोल्हापूरची जुनी सवय. एन. डी. सर गेले तेव्हा सगळं शहर हळहळलं. पण १९९० नंतर त्यांना सभागृहात ठेवायला आपण काय केलं? सांगोल्याच्या लोकांनी ज्याला मोर्चात पुढं केलं त्यालाच मत दिलं. मला हे शहाणपण वाटतं, हतबलता नाही.

कुणीतरी जातीचा मुद्दा काढणारच, म्हणून आधीच लिहितो. धनगर समाज तालुक्यात मोठा आहे, त्याची मतं मिळाली, उघड आहे. पण तो समाज १९७२ लाही तिथंच होता आणि १९९५ लाही. फक्त जातीवर निवडून येणारा माणूस त्याच जागेवर दोनदा पडला नसता.

आणि गणपतराव आमदार असून एसटीनं फिरायचे, ते. एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असतं, खिडकीवर तसं लिहिलेलं असतं. मी लहानपणापासून सीबीएसवरून, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, गारगोटीच्या गाडीत त्याच आसनावर बसून गेलोय. कुणी आमदार येणार नाही हे कंडक्टरलाही माहीत असायचं. त्या पाटीला अर्थ देणारा एक आमदार या राज्यात होता.

माणदेशी लेक
पंचाण्णवच्या निकालाचं राहिलं होतं. १९२ मतं म्हणजे किती, तर आमच्या वस्तीवरची आणि शेजारच्या दोन वस्त्यांवरची मिळून तेवढी होतील. मी तेव्हा शाळेत होते. वडील त्या दिवशी मतदानाला गेले नव्हते. बागेत पाण्याची पाळी आली होती, आणि आबासाहेब काय पडतात होय, असं म्हणून मोटरीवरच थांबले. आईही गेली नाही. निकाल रेडिओवर ऐकला तेव्हा वडील दोन वेळा जेवले नाहीत. नव्व्याण्णवला पहाटे सहाला दोघं शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे होते, केंद्र उघडायच्या आधी.

शिवाजी पेठ
ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. माझं मत बदललेलं नाही, एकाच माणसावर तालुका टांगून ठेवू नये असंच अजून वाटतं. पण बाकड्यावरच्या त्या माणसाचं 'दुसरं कोण नव्हतंच' हे वाक्य मी यापुढं म्हणणार नाही.

माणदेशी लेक
वडील आता नाहीत, दादा. बाग आहे. मर येऊन गेली, निम्मी राहिली. भाऊ बघतो. कालव्याचं पाणी आता शिवाराच्या कडेपर्यंत येतं.