अनुभव धागा : प्रॅक्टिकल घेणारे आम्ही, बडोदे

नवरात्रात सकाळच्या बॅचची मुलं ब्युरेट धरून उभ्या-उभ्या पेंगतात. ओरडणार कुठल्या तोंडाने? आपणही रात्री दीडला गरब्याहून आलेलो असतो. पीएचडी करता करता बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स घेणाऱ्या बडोदेकरांनो, लिहा. कॉलेजचं, गाईडचं नाव नको.

माझ्यापासून सुरुवात. पहिलंच टायट्रेशन (एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून किती लागलं ते मोजणं), पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल. वीस मुलांपुढे थेंब सोडले, फ्लास्क गुलाबी झाला, मोजणी संपली असं समजून मी जाहीर केलं, "एंड पॉइंट." ०.३ मिली! मुलांनी लिहूनही घेतलं. मागून दांडिया बाजारातले आमचे पटावाळे (शिपाई) काका हळूच म्हणाले, "ताई, गरम करायचं राहिलं." साठ अंशांपर्यंत तापवलं नाही तर सुरुवातीचा रंग लवकर जात नाही, हे मला पाठ होतं. नुसतं पाठच. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बेन, पेलुं रीडिंग छेकी नाखीए?" (पहिलं रीडिंग खोडून टाकूया?)

लंबक : फिजिक्स. लंबकाच्या आंदोलनांवरून जी (गुरुत्वत्वरण) काढायचा. सगळ्यांचा ९८०, एकाचाच दरवेळी १०८७. आधी त्याला झापलं. मग शेजारी उभं राहून ऐकलं, तर पठ्ठ्या गोळा सोडतानाच "एक" म्हणायचा. वीस म्हणेपर्यंत आंदोलनं एकोणीसच. २०/१९चा वर्ग करून ९८१ला गुणा, चोख १०८७! बाकीच्यांचे ९८० सीनियरच्या जर्नलमधून (प्रयोगवहीतून) आलेले. परीक्षेत बाहेरच्या सरांनी त्याला दहापैकी चार दिले. मी तिथेच होतो, बोललो नाही.

जर्नलवाली : पैशांचं कोणी काढत नाहीये, म्हणून मीच काढते. १ जानेवारी २०२३पासून जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी पीएचडीची शिष्यवृत्ती) महिना ३७,००० झाली. माझी नेट निघाली नाही, मला राज्याच्या 'शोध' शिष्यवृत्ती योजनेचे महिना १५,०००. तपासायची जर्नलं जेआरएफवालीला आणि मला सारखीच. आणि मावशी दर लग्नात विचारते, "पर्मनंट का गं?"

लंबक : माझी मावशी "अजून शिकतोच आहेस?" विचारते. बदलून घेऊया.

पानगळ : बॉटनी. कामाटीबागेत झाडं ओळखायला मुलं नेली. उंच सरळसोट झाड दाखवून मी ऐटीत म्हटलं, "हा अशोक." घरी लहानपणापासून तेच ऐकलेलं. एक मुलगी म्हणाली, "सर, आ तो आसोपालव. अशोकनां फूल तो केसरी होय." खरंच होतं. तिला शाबासकी दिली आणि पुढच्या झाडापाशी आधी तिलाच विचारलं. परत निघताना दोन मुलं कमी भरली. बागेबाहेर सेव-उसळ खात होती, माझ्यासाठीही एक प्लेट सांगून ठेवलेली.